तालुक्याच्या हायस्कूलचा इतिहास: स्थापनेचं साल नेमकं कोणतं धरायचं?

पाटीपेन्सिल
मंडळी, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या हायस्कूलचा अमृत महोत्सव करायचं घाटतंय. स्मरणिकेत शाळेचा इतिहास द्यायचा आहे, आणि तो कागदाला धरून लिहायचा आहे. घोडं पहिल्याच वाक्याला अडलंय. मुख्य इमारतीच्या कोनशिलेवर १९५१ आहे. लेटरहेडवर ‘स्थापना १९५२’ छापलंय. गावातले जुने लोक १९४६ वर ठाम आहेत. सन्मानफलकावरचं पहिलं नाव मार्च १९५३ च्या एस.एस.सी.चं आहे.

प्रश्न तीन:
१) यातलं कोणतं साल धरावं?
२) सन्मानफलकावर १९७५ साली ‘शाळेत प्रथम’ म्हणून दोन नावं आहेत. रंगाऱ्याची चूक समजायची का?
३) दप्तरात नेमकं काय शोधायचं? सुवर्ण महोत्सवाच्या अंकात मुख्याध्यापकांची यादी, फोटो आणि शुभेच्छा संदेश एवढंच होतं. पुन्हा तेच नको.

बोरू
१९४६ ठरलं तर अमृत महोत्सव केव्हाच होऊन गेला. सहस्रचंद्रदर्शनाची तयारी करा :)

दप्तरदार
चारही सालं खरी असू शकतात. शाळेच्या जन्माच्या पाच वेगळ्या तारखा असतात आणि स्मरणिकांत त्यांची हमखास सरमिसळ होते. संस्था स्थापन झाली तो दिवस, पहिला वर्ग भरला तो दिवस, शिक्षण खात्याची मान्यता मिळाली तो, पहिली तुकडी बोर्डाला बसली तो आणि स्वतःची इमारत झाली तो.

१९५२ चा मला दाट संशय आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा. तो आल्यावर आधीपासून चालू असलेल्या संस्थांनाही नव्याने नोंदणी करावी लागली. त्यामुळे १९५० च्या आधीच्या कितीतरी शिक्षणसंस्थांच्या ट्रस्ट नोंदणीच्या दाखल्यावर १९५२-५३ च्या आसपासची तारीख दिसते. पुढे कधीतरी लेटरहेड छापताना कारकुनाच्या समोर तोच दाखला असतो, तीच तारीख ‘स्थापना’ होऊन बसते आणि मग पन्नास वर्षं कोणी विचारत नाही. तुमच्याकडचा दाखला काढा. संस्था १८६० च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन कायद्याखालीही नोंदलेली असेल तर त्याचा दाखला वेगळा असतो आणि त्यावरची तारीख बहुधा जुनी असते. दोन्ही बघा.

कोनशिलेवरचा मजकूर शब्द न् शब्द उतरवून घ्या. ‘भूमिपूजन’, ‘कोनशिला समारंभ’ आणि ‘उद्घाटन’ हे तीन वेगळे प्रसंग आहेत आणि पैसे संपले की त्यांच्यात तीन-चार वर्षांचं अंतर पडतं. पाहुण्याचं नाव आणि हुद्दा यांवरूनही साल पडताळता येतं: तो माणूस त्या वर्षी त्या पदावर होता का?

त्रैराशिक
सन्मानफलकावरून मागे मोजता येतं. तेव्हा शालान्त परीक्षा अकरावीला होती. मार्च १९५३ ला पहिली तुकडी बसली म्हणजे ती मुलं जून १९५२ ला अकरावीत, जून ५१ ला दहावीत, ५० ला नववीत, ४९ ला आठवीत, ४८ ला सातवीत, ४७ ला सहावीत आणि जून १९४६ ला पाचवीत होती. जुन्या लोकांचं १९४६ चपखल बसतं.

पण यावर घाईने शिक्का मारू नका. शाळा थेट आठवीपासून सुरू झाली असेल तर जून १९४९ लाही हीच पहिली तुकडी येते. दोन्ही शक्यता फलकाशी जुळतात. कोणती खरी, ते फक्त जनरल रजिस्टरच्या (विद्यार्थ्यांच्या दाखल-खारिज नोंदवहीच्या) पहिल्या पानावर कळेल. मुलांना कोणत्या इयत्तेत दाखल करून घेतलं तो रकाना बघा.

खालसा_मुलूख
धागा काढणाऱ्यांना एक प्रश्न. तुमचं गाव संस्थानी मुलखातलं की खालसातलं, म्हणजे थेट ब्रिटिश अमलातलं? सातारा जिल्ह्यात औंध आहे, फलटण आहे. ती संस्थानं १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाली. संस्थानी शाळा असेल तर १९४८ पूर्वीच्या मान्यतेचे, इमारतीचे, पगाराचे कागद संस्थानच्या दफ्तरात असतात, मुंबईच्या शिक्षण खात्याकडे मिळत नाहीत. कोल्हापूर तर १ मार्च १९४९ ला विलीन झालं.

पाटीपेन्सिल
खालसा. संस्थानची हद्द जवळच आहे, पण गाव ब्रिटिश मुलखातलं.
त्रैराशिक, दोन्ही शक्यतांचं गणित लक्षात आलं. रजिस्टरचा पहिला खंड कपाटात आहे असं कळलंय, परवानगी मागितली आहे.

मास्तरीण
पहिल्या खंडात इयत्ता ‘इं. १ ली’ अशा लिहिलेल्या दिसल्या तर गोंधळू नका. मुंबई इलाख्यात मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली. म्हणजे:

इंग्रजी १ ली = आजची ५ वी
इंग्रजी ४ थी = ८ वी
इंग्रजी ७ वी = ११ वी, म्हणजे मॅट्रिक

मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाच्या काळात खालच्या तीन वर्गांतून इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं, आणि वर्गांची नावंही सलग पाचवी ते अकरावी अशी रुळली. त्यामुळे त्या काळातल्या रजिस्टरमध्ये मुलगा दाखल होताना ‘इं. २ री’ आणि शाळा सोडताना ‘९ वी’ असं सापडतं. सात इयत्ता उड्या मारल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात सहावी ते नववी एवढंच आहे. यादी संगणकावर चढवताना मूळ नोंद एका रकान्यात जशीच्या तशी आणि आजची इयत्ता शेजारच्या रकान्यात, असं करा. मूळ कधीही बदलू नये.

‘मॅट्रिक’ शब्दाचंही तसंच. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक १८५९ पासून होती. १९४८ च्या कायद्याने एस.एस.सी. परीक्षा मंडळ आलं आणि १९४९ ला पहिली एस.एस.सी. झाली. लोक पुढे वीस-पंचवीस वर्षं तिला मॅट्रिकच म्हणत राहिले. तुमच्या शाळेची पहिलीच तुकडी १९५३ ची, म्हणजे तुमच्याकडे विद्यापीठाची मॅट्रिक झालेला एकही विद्यार्थी असणार नाही. कोणाच्या आठवणीत ‘आमच्या शाळेतून मॅट्रिक झालो’ असं आलं तर स्मरणिकेत तळटीप द्या.

फळा_खडू
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: रंगारी बरोबर आहे. १९७५ च्या मार्चला महाराष्ट्रात दोन एस.एस.सी. झाल्या. जुन्या अभ्यासक्रमाची अकरावीची शेवटची आणि नव्या १०+२ आकृतिबंधातली दहावीची पहिली. नवा अभ्यासक्रम जून १९७२ ला आठवीत आला, तीच मुलं ७५ ला दहावीला बसली. म्हणून दोन प्रथम. फलकावर ‘जुनी’ आणि ‘नवी’ असं लिहिलेलं नसेल तर स्मरणिकेत तेवढं लिहा.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती शाळांच्या इतिहासात क्वचितच लिहिली जाते. त्या वर्षी एकाच वेळी दोन तुकड्या शाळेबाहेर पडल्या. जून १९७४ ला पाचवी ते अकरावी असे सात वर्ग होते, जून १९७५ ला सहाच. पटसंख्या एकदम खाली आलेली दिसेल. ती शाळेची घसरण समजून कोणा मुख्याध्यापकाच्या माथी मारू नका. उलट त्याच वेळी मोकळ्या झालेल्या खोल्या, मोकळे झालेले तास आणि प्रयोगशाळा यांच्या आधारावर कित्येक हायस्कूलांनी कनिष्ठ महाविद्यालय जोडून घेतलं. तुमच्याकडे अकरावी-बारावी असेल तर तिची सुरुवात कोणत्या जूनपासून हे बघा. बारावीची पहिली परीक्षा १९७७ ची, त्यामुळे ‘आमची पहिली बारावी १९७६’ असं कोणी लिहून दिलं तर ते तपासायलाच हवं.

बोरू
७५ च्या जुन्या अकरावीवाल्यांचं पुढे काय झालं मग? त्यांना पुन्हा अकरावी?

फळा_खडू
@बोरू, नाही. ते कॉलेजात एका वर्षाच्या प्री-डिग्रीला गेले, आधीच्या जुन्या तुकड्यांसारखेच. नव्या दहावीवाल्यांना अकरावी आणि बारावी अशी दोन वर्षं. एकाच मार्चला सुटलेल्या या दोन तुकड्या पदवीच्या दाराशी एका वर्षाच्या अंतराने पोचल्या.

दप्तरदार
आता तिसरा प्रश्न. माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने:

जनरल रजिस्टर. हे कायमचं दप्तर, नष्ट करता येत नाही. रजिस्टर नंबर, नाव, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, आधीची शाळा, दाखल तारीख आणि इयत्ता, प्रगती, वर्तणूक, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. शाळेचा निम्मा इतिहास या रकान्यांत आहे.

शेरेबुक आणि तपासणी अहवाल. खात्याचे इन्स्पेक्टर येऊन जायचे. पट, हजेरी, खोल्या, ग्रंथालयातली पुस्तकं, फीची वसुली, कोण शिक्षक ट्रेंड आणि कोण अनट्रेंड, मुताऱ्या आहेत का, सगळं लिहायचे. शाळेबद्दल बाहेरच्या माणसाने लिहिलेला हा एकमेव नियमित कागद.

संस्थेचं प्रोसिडिंग बुक. ठराव इथे मिळतात: तुकडी वाढवणं, जागा घेणं, शिक्षकाची नेमणूक, वर्गणी.

सूचना वही. हिच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. पूर, साथ, निवडणूक, पुढाऱ्याच्या निधनाची सुट्टी, स्नेहसंमेलन, सहल, सगळं तारीखवार. आणि हीच सर्वांत आधी रद्दीत जाते, कारण ती ठेवायची सक्ती कोणाला वाटत नाही.

डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही. पहिला विजेचा पंखा, रेडिओ, सूक्ष्मदर्शक, शिवणयंत्र, संगणक कधी आला ते किमतीसह. शाळेत वीज कधी आली हे कोणालाच आठवत नसेल तर डेडस्टॉकमधल्या पहिल्या पंख्याच्या आसपास रोजकीर्दीत वीजबिलाचा खर्च शोधा.

कॅटलॉग (हजेरीपट), पगारपत्रकं, फीची पावतीपुस्तकं आणि आवक-जावक यांतलं जे हाती लागेल ते.

रद्दीवाला_नव्हे
आवक-जावक शेवटी टाकलीत, मी ती वर आणेन. मान्यतेचं मूळ पत्र हरवलेलं असतं, पण आवक वहीत त्या पत्राचा क्रमांक, तारीख आणि एका ओळीचा विषय असतोच. तेवढ्यावर खात्याकडे किंवा पुराभिलेखागारात विचारणा करता येते. क्रमांकाशिवाय गेलात तर कोणी उभं करत नाही.

दप्तरदार
मान्य. आवक-जावक वर घ्या.

कोयनाकाठ
मला मुळात तिसऱ्या प्रश्नाच्या रोखाबद्दल बोलायचंय. सगळे स्थापनेच्या सालात अडकलेत. तालुक्याच्या हायस्कूलचा खरा इतिहास म्हणजे कोणत्या गावची मुलं कधी तिथे यायला लागली आणि कधी थांबली. जन्मस्थळ आणि आधीची शाळा हे रकाने दहा-दहा वर्षांच्या अंतराने मोजा. १९४६, ५६, ६६, ७६ असे चार नमुने घेतलेत तरी चित्र उभं राहतं. सुरुवातीला फक्त गावातली आणि पायी येण्याजोग्या अंतरावरची मुलं दिसतील. एस.टी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्यांच्या रस्त्यांवर पोचली. तुमच्याकडे ज्या रस्त्याने गाडी आली त्या रस्त्यावरची गावं रजिस्टरमध्ये वाढलेली दिसतात का, हे तपासा. नंतर मोठ्या गावांत स्वतःची हायस्कूलं निघाली की ती गावं रजिस्टरमधून गळतात.

आणि मुली. पहिली ‘कु.’ कितव्या नंबरला येते, ती कोणत्या इयत्तेत आली, कोणत्या इयत्तेत गेली आणि कारणाच्या रकान्यात काय आहे. मुलींच्या नोंदी वेगळ्या काढून ‘शाळा सोडण्याचं कारण’ नीट वाचा.

दप्तरदार
कोयनाकाठ यांच्याशी पूर्ण असहमत नाही, पण सालाशिवाय हे होत नाही. दहा वर्षांचे नमुने घ्यायला सुरुवात कुठून करणार?

शिवाय एक सावधगिरी. कारणाचा रकाना मुख्याध्यापक किंवा कारकून भरतो. ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘वडिलांची बदली’, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’ ही ठरीव वाक्यं आहेत. एका कारकुनाच्या काळात सगळी गळती ‘घरगुती अडचण’ असते, दुसरा आला की सगळी ‘गैरहजर’ होते. हस्ताक्षर बदलतं तिथे खूण करा, मगच कारणांची बेरीज करा.

कोयनाकाठ
हस्ताक्षराचा मुद्दा महत्त्वाचा. तरी १९७२-७३ च्या दुष्काळात नावं कमी झाल्याचं प्रमाण कोणत्याही शब्दाखाली लपत नाही, तारखा बोलतात. दुष्काळी भागातल्या शाळेत ती दोन वर्षं महिनावार मोजा. आणि सातारा जिल्हा म्हणून सांगतो, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतरची सूचना वही आणि प्रोसिडिंग बुक आवर्जून बघा. इमारतीला तडे, वर्ग बाहेर भरवणं, दुरुस्तीचा ठराव, पाटणकडून आलेले दाखले, काही ना काही मिळेल.

मराठवाडी_माणूस
अवांतर आहे, पण आमच्याकडच्या कोणी हा धागा वाचला तर उपयोगी पडेल. हैदराबाद संस्थानातल्या शाळांची जुनी रजिस्टरं उर्दूत असतात आणि तारखा फसली या तिथल्या सरकारी कालगणनेत. निजामी फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यापासून सुरू होतं. फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवा की इसवी सन येतो. १७ सप्टेंबर १९४८ ला फसली १३५७ चा आबान, म्हणजे वर्षाचा शेवटचा महिना चालू होता. १३५७ अधिक ५९१, बरोबर १९४८. जूनमधले दाखले ‘अमरदाद’मध्ये सापडतील. सरसकट ५९० मिळवणारे लोक निम्म्याहून जास्त मुलांची जन्मसालं एक वर्षाने चुकवतात.

माध्यम उर्दू असल्यामुळे मराठी शिकवणाऱ्या खासगी आणि राष्ट्रीय शाळांचं महत्त्व तिकडे फार. अंबाजोगाईची योगेश्वरी, जिथे स्वामी रामानंद तीर्थ होते, हे ठळक उदाहरण. अशा शाळांचा इतिहास आणि मुक्तिसंग्रामाचा इतिहास वेगळा करता येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मग आमचंही घ्या. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात, त्याआधी मध्यप्रांत व वऱ्हाडात. हायस्कूल परीक्षेचं बोर्ड तिकडे १९२२ च्या कायद्याने आलं, नागपूर विद्यापीठ १९२३ चं. त्यामुळे ‘खेरांनी इंग्रजी काढलं’, ‘१९४९ ची पहिली एस.एस.सी.’ ही पश्चिम महाराष्ट्रातली मोजपट्टी अमरावती-अकोल्याच्या शाळेला लावू नका. आमच्या जुन्या रजिस्टरात ‘ए.व्ही. स्कूल’ दिसेल, ते अँग्लो-व्हर्नाक्युलर.

मास्तरीण
@वऱ्हाडी_ठेचा, बरोबर. मी मुंबई इलाखा असं म्हटलं होतं, पण स्पष्ट केलंत ते चांगलं. पुढचा एक सांधा सगळ्यांना सारखा आहे: १९६५ च्या कायद्याने राज्य मंडळ आलं आणि १ जानेवारी १९६६ पासून काम सुरू झालं. त्यानंतर विभाग फुटत गेले, आज नऊ विभागीय मंडळं आहेत. सातारा आता कोल्हापूर विभागात आहे, पूर्वी पुण्यात. जुन्या निकालाची विचारणा करताना हे लक्षात ठेवा.

पाटीपेन्सिल
वाचनखूण साठवली. रजिस्टर नंबर शेवटपर्यंत सलग असतील तर शेवटच्या नंबरावरून ‘आजवर इतके विद्यार्थी शिकले’ असं लिहिता येईल ना?

त्रैराशिक
तेवढ्यावर नको. नंबर फुगतात किंवा आटतात त्याची चार कारणं असतात. शाळा सोडून परत आलेल्याला काही शाळा जुनाच नंबर देतात, काही नवा. प्राथमिक विभाग एकाच रजिस्टरमध्ये असून नंतर वेगळा झाला असेल तर त्याची मुलं आत मोजली जातात. व्यवस्थापन बदललं किंवा नवा खंड उघडला की नंबर कधी पुन्हा १ पासून सुरू होतात. आणि कनिष्ठ महाविद्यालयाचं रजिस्टर बहुधा स्वतंत्र असतं, त्यात तीच मुलं दुसऱ्यांदा येतात. प्रत्येक खंडाचा पहिला आणि शेवटचा नंबर तारखेसह एका कागदावर मांडा, तुटलेली जागा लगेच दिसते.

एक_जून
आणि रजिस्टरमध्ये अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं दिसलं तर घाबरू नका. गुरुजींनी सहा वर्षं पुरी व्हावीत म्हणून तारीख ठरवलेली असते :)

मास्तरीण
म्हणून वयाचा अभ्यास रजिस्टरवरून करताना महिना-दिवस सोडून द्यावा, वर्षसुद्धा अंदाजाचं धरावं.

कसर
रजिस्टर उघडायच्या आधी हे वाचा. जुने खंड नीट उघडले नाहीत तर पान मुडपून तुटतं. लोहयुक्त शाईने लिहिलेल्या पानांवर अक्षरांच्या जागी कागद करपलेला असतो, तो बोटाच्या दाबाने गळतो. हात कोरडे आणि स्वच्छ ठेवा, थुंकी लावून पान उलटू नका. खंड टेबलावर सपाट १८० अंशांत उघडायचा नाही, दोन्ही बाजूंना उश्या किंवा गुंडाळलेली चादर देऊन साधारण १२० अंशांवर ठेवायचा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप सुटते, डिंक मात्र कागदात उतरून तपकिरी पट्टा ठेवतो आणि अक्षरं त्याखाली जातात. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते काढता येत नाही. फाटलेलं पान पारदर्शक पाकिटात सुटं ठेवा. अगदीच जोडायचं तर गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि पातळ जपानी टिश्यू, आणि तेही जाणकाराकडून.

कसर किंवा वाळवी लागलेला खंड बाकीच्यांपासून आधी बाजूला काढा. डांबरगोळ्यांनी आतली अंडी मरत नाहीत. खंड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतात आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडत नाहीत, नाहीतर दव धरतं. ओला खंड असेल तर उन्हात टाकू नका. पंख्याखाली सावलीत, दर काही पानांत टीपकागद घालून आणि तो बदलत. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा भिजलेले कागद उन्हात वाळवल्यावर पानं एकमेकांना चिकटून ठोकळे झाले.

छायाचित्रणासाठी मोबाइल चालतो, पण स्टँडवर, कॅमेरा कागदाला समांतर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दोन सारखे दिवे, फ्लॅश बंद. सपाट स्कॅनर असेल तर सुट्या पानांना ३०० डीपीआय, फोटोंना ६००. फाइलच्या नावात खंड, पान आणि डावी-उजवी बाजू असू द्या. कोरी पानंही टिपा, म्हणजे पान सुटलं की कोरं होतं, ही शंका राहत नाही.

दप्तरदार
कसर यांच्या पोस्टला जोड. काम शाळेच्याच खोलीत, मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने आणि जबाबदार कर्मचारी हजर असताना करा. मूळ खंडावर पेन्सिलनेही खूण करू नका. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत या नोंदी पुरावा असतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद महत्त्वाची, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरं कुणबी नोंदींसाठी तपासली गेली. अशा खंडात वेगळ्या शाईचा एक ठिपका दिसला तरी एखाद्या कुटुंबाची नोंद संशयात येते.

त्याच कारणाने स्मरणिकेत व्यक्तीच्या नावासह जात, जन्मतारीख, नापास, वर्तणूक यांतलं काहीही छापू नका. बेरजा द्या, टक्के द्या. पान १ चा फोटो छापायचा मोह होईल, तेव्हा ते रकाने झाका.

रद्दीवाला_नव्हे
शाळेबाहेरचे पुरावेही बघा. जागेसाठी फेरफार आणि मालमत्ता पत्रक, त्यावर शाळेच्या नावाची पहिली नोंद कधीची ते कळतं. वर्तमानपत्रांत ‘केसरी’, १९५१ पर्यंतचा ‘ज्ञानप्रकाश’ आणि १९३२ पासूनचा ‘सकाळ’. निकालाच्या दिवसांत शाळावार बातम्या आणि आसनक्रमांक छापून यायचे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नव्या शाळेची जाहिरात किंवा ‘प्रवेश सुरू’ सापडतो का ते बघा. शंभर वर्षांपुढची शाळा असेल त्यांनी इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमधलं शिक्षणाचं प्रकरणही उघडावं, तालुकावार शाळांची संख्या मिळते.

पाटीपेन्सिल
परवानगी मिळाली, पहिला खंड पाहून झाला. कसर यांनी सांगितल्याप्रमाणे उश्यांवर ठेवूनच.

पहिल्या पानावर दाखल तारखा जून १९४६ च्या, आणि सगळ्या मुलांची इयत्ता ‘इं. १ ली’. आठवीपासून सुरू झाल्याची शक्यता बाद. ट्रस्ट नोंदणीचा दाखला १९५२ चाच आणि १९५० च्या कायद्याखालचा, दप्तरदारांचा अंदाज खरा. कोनशिलेवर ‘इमारतीची कोनशिला’ असे शब्द आहेत, म्हणजे १९५१ ला बांधकाम सुरू झालं. तोवर शाळा कुठे भरायची याचा उल्लेख प्रोसिडिंग बुकात आहे: भाड्याचा वाडा, भाड्याच्या रकमेसह.

एक नवी गाठ मात्र पडली. १९४८ ते ५० मधल्या काही मुलांच्या शाळा सोडण्याच्या रकान्यात ‘वरच्या वर्गास मान्यता नाही’ असं लिहिलंय. मग मान्यता कधीची समजायची?

मास्तरीण
मान्यता वर्गवार मिळायची. खालच्या वर्गांना आधी, मग दर वर्षी वरच्या एकेका वर्गाला वाढीव. पत्र जूनच्या आत आलं नाही की धास्तावलेले पालक मुलाला आधीच मान्यता असलेल्या मोठ्या गावच्या शाळेत हलवायचे, कारण बिनमान्यतेच्या वर्गातून बोर्डाला बसता येईल का याची खात्री नसायची. ती मुलं तुमच्या पहिल्या तुकडीतून गळली. म्हणून १९४६ च्या दाखल यादीतली नावं आणि १९५३ च्या निकालपत्रकातली नावं समोरासमोर ठेवा. किती टिकली, किती मधे दुसरीकडून आली, ते कळेल. माझ्या मते तुमच्या स्मरणिकेतलं हे सर्वांत मोलाचं पान होईल.

कोयनाकाठ
आणि मधेच सोडून गेलेल्यांची नावंही ‘पहिली तुकडी’ म्हणूनच द्या. शाळा चालेल की नाही हे माहीत नसताना त्यांच्या घरच्यांनी मुलं पाठवली होती.

दप्तरदार
आवक वहीत १९४६ ते ५२ मधली खात्याची सगळी पत्रं काढा, विषयात ‘वर्ग’ किंवा ‘रेकग्निशन’ शब्द शोधा. प्रत्येक इयत्तेपुढे मान्यतेची तारीख अशी सात ओळींची सारणी बनेल. लेटरहेडवर ‘स्थापना जून १९४६’ करायचं तर आधी संस्थेच्या सभेत ठराव घ्या आणि ठरावात आधार म्हणून जनरल रजिस्टर खंड १, पान १ असा उल्लेख करा. ट्रस्टच्या दाखल्यावरची तारीख बदलायला जाऊ नका, ती नोंदणीची तारीख म्हणून बरोबरच आहे.

बोरू
म्हणजे सहस्रचंद्रदर्शनच.

पाटीपेन्सिल
तसंच दिसतंय :) समितीपुढे ठरावाचा मसुदा ठेवतोय. १९५३ चं निकालपत्रक शाळेत मिळालं नाही, ते कुठे विचारू?

मास्तरीण
आधी कोल्हापूर विभागीय मंडळात, तिथे नसेल तर पुण्यात. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, परीक्षेचा महिना-वर्ष, आणि सन्मानफलकावरच्या पहिल्या विद्यार्थ्याचा आसनक्रमांक मिळाला तर तोही. आसनक्रमांक शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या स्थळप्रतीवर किंवा रजिस्टरच्या शेऱ्यात लिहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे, तिथून सुरुवात करा.